रॉक कॉन्सर्टमध्ये परत आलेला विश्वास खरा मानावा का?

प्रश्न : मी मूळची अहिल्यानगरची. सध्या अमेरिकेत टेनेसी राज्यात राहते आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि आमच्या चर्चच्या पंच कमिटीवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. आई महिला मंडळात गीत सुरू करून द्यायची. 2021 च्या मे महिन्यात ती कोविडने गेली. त्या काळात मी इथे परक्या माणसांच्या कानाशी फोन धरून त्यांच्या मुलांचे शेवटचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचवत होते. स्वतःच्या आईचा दफनविधी मात्र मला फोनच्या पडद्यावर पाहावा लागला, आणि पाळकांची प्रार्थना चालू असतानाच तिकडचे नेटवर्क गेले. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. देवावर राग आहे असेही वाटत नव्हते; तिकडे कोणी नाहीच, असे वाटत होते.

या हिवाळ्यात एका सहकारी मैत्रिणीने मला आग्रहाने ‘विंटर जॅम’ या ख्रिस्ती रॉक संगीताच्या फिरत्या कार्यक्रमाला नेले. गिटार, ड्रम, धूर, दिवे, हजारो तरुण मुले. पहिला तासभर माझे डोके दुखत होते. शेवटी एका गाण्यात सगळी वाद्ये थांबली आणि फक्त लोक गात राहिले. तेव्हा मी इतकी रडले की मैत्रीण घाबरली. “बापा, तू तेव्हा कुठे होतास?” असे मी मोठ्याने, मराठीत म्हणाले. नंतर व्यासपीठावरून येशूवर विश्वास ठेवण्याचे आवाहन झाले तेव्हा हात वर केला, कार्ड भरले आणि एका गरीब मुलाला दरमहा मदत करण्याचा फॉर्मही भरला.

दोन आठवडे फार हलके वाटले. मग ते ओसरले. माझे पती म्हणतात की ही लाइट, साउंड आणि गर्दी यांची करामत आहे. बाबा फोनवर म्हणाले, “देवाच्या नावाने हा कसला धांगडधिंगा?” कार्ड घेणाऱ्या मुलीने पुन्हा बाप्तिस्मा घेण्याविषयी विचारले होते. ती रात्र खरी होती की भास? विश्वास परत आला असेल, तर तो दोन आठवड्यांत गेला कसा? आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ती रात्र खरी होती. मात्र त्या रात्री आपल्याला जे मिळाले ते नेमके काय होते, याविषयी आपला थोडा गैरसमज झाला आहे, आणि दोन आठवड्यांनंतरचा गोंधळ त्यातून आला आहे, असे मला वाटते.

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या गाण्याविषयी आपण जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. बँडचे नाव नाही, गाण्याची ओळ नाही. लक्षात राहिला आहे तो आपणच उच्चारलेला प्रश्न, आणि तो आपण मराठीत विचारला हेही आपण आवर्जून लिहिले आहे. “तिकडे कोणी नाहीच” असे ज्या व्यक्तीला इतकी वर्षे वाटत होते, तिने त्या रात्री कोणाला तरी जाब विचारला. रिकाम्या खोलीला कोणी जाब विचारत नाही. आपल्याला त्या रात्री समाधान मिळाले नाही, उत्तर मिळाले नाही, आईच्या मृत्यूचा अर्थही उलगडला नाही. ज्याच्याशी भांडता येईल असा देव मात्र परत मिळाला. दोन आठवडे जे हलके वाटले ते या भांडणाला वाट मिळाल्यामुळे. हलकेपणा ओसरला म्हणून देव पुन्हा निघून गेला, असा हिशेब मांडण्याचे कारण नाही.

हे मी आपली समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. तेरावे स्तोत्र “किती वेळ?” या प्रश्नाने सुरू होते आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखावरच संपते. शेवटी सांत्वनाची एक ओळही त्याला जोडलेली नाही, आणि तरीही ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते वगळले नाही. आपल्या मराठी मुलखाला तर देवाशी भांडण्याची सवय फार जुनी आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम या सगळ्यांनी विठ्ठलाला खडे बोल सुनावले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असे ते म्हणत राहिले, आणि त्यांची जी पदे आपण लहानपणापासून ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गात आलो आहोत त्यांत ही सलगी स्पष्ट ऐकू येते. तेव्हा आपण त्या सभागृहात जे ओरडलात ते अमेरिकेच्या रॉक संगीतापेक्षा आपल्या आईच्या गीतांच्या अधिक जवळचे होते.

आता आपल्या पतीच्या म्हणण्याकडे येतो. ते म्हणतात त्यात तथ्य आहे आणि ते नाकारून आपण वाद जिंकू नये. अशा कार्यक्रमात भावना उंचावण्याची योजना अत्यंत काळजीपूर्वक केलेली असते. आधी वेगवान, अंगावर येणारी गाणी होतात, नंतर लय उतरते, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते, ड्रम थांबतात, की-बोर्डवर एक लांबलेला मंद सूर चालू राहतो आणि वक्ता बोलू लागला तरी तो त्याच्या शब्दांखाली वाहत असतो. वादकांच्या कानांत ताल मोजणारी टिकटिक चालू असते आणि पुष्कळदा दिव्यांचे बदलही तिच्याशी जुळवलेले असतात, म्हणजे आपल्याला उत्स्फूर्त वाटणारा अंधार कोणीतरी आधीच संगणकात नोंदवून ठेवलेला असतो. यात चोरटे काही नाही. या क्षेत्रातली माणसे त्याविषयी उघडपणे बोलतात. एकत्र जमलेल्या लोकांत जो उमाळा उसळतो त्याची चर्चा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने 1912 सालीच केली होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथील संशोधकांनी 2013 साली असे दाखवले की समूहगान करणाऱ्यांचा श्वास गाण्याच्या ओळींप्रमाणे चालतो आणि त्याबरोबर त्यांच्या हृदयाचे ठोकेही एकत्र कमी-जास्त होतात. आपण दिवसभर मॉनिटरवरचे ठोके पाहता, तेव्हा याचा अर्थ आपल्याला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

पण आपल्या पतीचा युक्तिवाद इथे थांबतो, आणि तो इथेच थांबला पाहिजे. साधन कळले म्हणून साध्य खोटे ठरत नाही. नारदीय कीर्तन ज्याने जवळून पाहिले आहे त्याला माहीत असते की पूर्वरंगातला निरूपणाचा भाग किती लांबवायचा, आख्यान कुठे थांबवायचे आणि गजर कधी उचलायचा, हे बुवांना नेमके ठाऊक असते. मृदंगवाला त्यांच्या डोळ्यांकडे पाहूनच हात उचलतो. म्हणून कीर्तनात डोळे पुसणारी म्हातारी फसवली गेली असे आपण म्हणत नाही. आपल्या चर्चमध्येसुद्धा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दिवे कमी करतात, मेजावरचे कापड बदलतात आणि गीते संथ चालीत घेतात. योजना सगळीकडे असते. प्रश्न एवढाच की तिच्यामुळे माणसाच्या आतले खरे काही वर आले, की बाहेरचे काही त्याच्यावर लादले गेले. आपल्या बाबतीत जे वर आले ते 2021 पासून आतच होते. कोणत्याही ध्वनिअभियंत्याने ते तिथे ठेवलेले नव्हते.

ज्या देशात आपण राहता तिथे हा वाद आजचा नाही. अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी मोठी धार्मिक जागृती पाहिली. लोक सभेत रडत होते, किंचाळत होते, कोसळत होते. काही पाळक म्हणाले की हे शंभर टक्के देवाचे काम आहे. काही म्हणाले की हा निव्वळ उन्माद आहे. एडवर्ड्स यांनी 1746 साली एक सविस्तर ग्रंथच लिहून असे मांडले की भावनेची तीव्रता ही देवाच्या कामाची खूण नाही आणि ते देवाचे काम नसल्याचीही खूण नाही. तिच्यावरून काहीच ठरत नाही. पुढे त्या माणसाचे वागणे, त्याचा अहंकार, त्याची माया यांत काय फरक पडतो, हे दीर्घकाळ पाहावे लागते. पावणेतीनशे वर्षे झाली, पण यापेक्षा शहाणे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या पतीला ते आवडेल आणि कदाचित आपल्यालाही.

बाबांच्या “धांगडधिंग्या”विषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यांचे शब्द आपल्याला पतीच्या शब्दांपेक्षा जास्त लागले आहेत, हे पत्रातून दिसते. आधी एक कबूल करतो की मला स्वतःला हे संगीत फारसे रुचत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकताना मला कडव्यांची, एका कडव्यातून दुसऱ्यात पुढे सरकणाऱ्या विचाराची आठवण येते आणि मी अस्वस्थ होतो. परंतु ती माझी आवड झाली. तिला धर्मशास्त्राचा दर्जा देण्याचा मला अधिकार नाही. ख्रिस्ती रॉकचा जन्म साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या हिप्पी मुलांमध्ये झाला. लांब केसांची, अनवाणी मुले चर्चमध्ये येऊ लागली तेव्हा अनेक मंडळ्यांनी नाक मुरडले. कोस्टा मेसा येथील चक स्मिथ यांच्यासारख्या पाळकांनी मात्र त्यांना गिटारसकट आत घेतले. गायक लॅरी नॉर्मन याने 1969 साली काढलेली ध्वनिमुद्रिका ही या प्रकारातली पहिली महत्त्वाची म्हणून सांगतात. 1972 च्या जून महिन्यात डॅलस येथे ‘एक्स्प्लो’ नावाचा मोठा युवक मेळावा भरला. तिथे प्रसिद्ध अमेरिकन धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांनी उपदेश केला आणि नॉर्मन व त्याच्या पिढीचे कलाकार गायले. तेव्हापासून हे संगीत घरात घेण्यासारखे झाले. तरी विरोध संपला नाही. ऐंशीच्या दशकात ‘स्ट्रायपर’ नावाचा हेवी मेटल बँड पिवळे-काळे पट्ट्यांचे कपडे घालून श्रोत्यांवर नव्या कराराच्या प्रती भिरकावत असे, आणि टीव्हीवरचे उपदेशक त्यांना सैतानाचे हस्तक म्हणत असत.

हे सगळे बाबांना परके वाटेल, म्हणून त्यांना त्यांच्या गावाजवळचे उदाहरण द्यावे. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था, त्यांना माहीत आहे; अहिल्यानगरचे बूथ हॉस्पिटल तिचेच. या मुक्तिफौजेची पहिली तुकडी 1882 साली मुंबई बंदरात उतरली आणि वाजतगाजत रस्त्यावर आली, तेव्हा पोलिसांनी त्यांना मिरवणुकीबद्दल पकडले. त्या काळच्या सभ्य ख्रिस्ती लोकांनाही रस्त्यावर ढोल आणि बिगुल वाजवून देवाचे नाव घेणे हा धांगडधिंगाच वाटत होता. आज त्याच मुक्तिफौजेचा बँड नाताळात वाजतो तेव्हा त्यापेक्षा सोज्वळ काही असू शकते असे कोणाला वाटत नाही. आपली गोष्टही वेगळी नाही. मिशनऱ्यांनी आणलेल्या गीतांच्या विलायती चाली आणि ऑर्गन हीच खरी उपासना, अशी समजूत आपल्याकडे एके काळी पक्की होती. टिळकांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाने लिहिले आणि आज तीच पदे जुन्या, भारदस्त परंपरेची मानली जातात. दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, सतार, डफ, बासरी आणि मोठ्या आवाजाच्या झांजा असे सगळे आले आहे. ते गाणे जेरुसलेमच्या मंदिरात वाजत होते तेव्हा ते शांतपणे वाजत असेल असे मला वाटत नाही.

तरीही बाबांशी संगीतावरून वाद घालू नये, असाच माझा सल्ला आहे. त्यांच्या पत्नीला जाऊन जेवढा काळ झाला तेवढाच आपल्या आईला जाऊन झाला आहे. लेकीने इतकी वर्षे प्रार्थना सोडली होती हे आपण त्यांना कधी सांगितले होते का? पत्रावरून तसे दिसत नाही. मग त्यांना एवढेच कळले असणार की मुलगी परदेशात कसल्याशा गाण्याच्या जलशाला गेली आणि रडली. आपण त्या रात्री काय विचारले, तेवढे त्यांना सांगावे. “बापा, तू तेव्हा कुठे होतास?” हा प्रश्न त्यांनीही विचारला असेल, कदाचित रोज, पण पंच कमिटीतल्या ज्येष्ठ माणसाने तो मोठ्याने विचारायचा नसतो अशी आपल्याकडे रीत पडली आहे.

आता त्या ओसरलेल्या दोन आठवड्यांकडे वळतो. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात येशू तीन शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो आणि तिथे त्याचे रूप पालटते. पेत्र इतका भारावून जातो की आपण इथे तीन मंडप बांधू या, असे सुचवतो. काय बोलावे हे त्याला सुचत नव्हते, असा शेरा मार्कने मारला आहे. मंडप बांधायची परवानगी मिळत नाही. सगळे खाली उतरतात, आणि खाली उतरताच समोर काय येते, तर आजारी मुलगा आणि त्याचा थकलेला बाप. त्या बापाने येशूला जे सांगितले तेच मला आपल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर वाटते : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात त्याने दोन्ही सांगितले. येशूने त्याला आधी अविश्वासाचा निकाल लावून ये, असे म्हटले नाही. मुलाला बरे केले. डोंगरावर जे दिसले ते खरे होते म्हणूनच ते लिहून ठेवले गेले, पण मार्कने त्या चमकत्या वस्त्रांपेक्षा या बापाच्या गोष्टीला अधिक जागा दिली आहे. आपण आज त्या बापाच्या रांगेत उभ्या आहात. तिथे उभे राहणे म्हणजे विश्वास गमावणे नव्हे.

एक व्यावहारिक बाबही आहे. एलिया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरताना पाहिला आणि त्यानंतर लवकरच तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला दिले. अतिदक्षता विभागात बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यातही रात्रपाळ्या करणाऱ्या माणसाला ‘माझी भक्ती का टिकत नाही’ हा प्रश्न पहाटे चार वाजता पडत असेल, तर त्याचे उत्तर त्या वेळी शोधू नये.

माझ्या मते आपले खरे काम तिसरेच आहे, आणि ते कॉन्सर्टने सुरू करून दिले, पण कॉन्सर्ट ते पुरे करू शकणार नाही. आपल्या आईचा दफनविधी आपल्यासाठी अजून पुरा झालेला नाही. पाळकांची प्रार्थना चालू असताना पडदा थिजला आणि आपण तिथेच राहिलात. इतरांच्या मरणाच्या वेळी आपण फोन धरून शेवटपर्यंत उभ्या होतात. स्वतःच्या वेळी तेही जमले नाही, ही टोचणी आपल्या पत्रात एका वाक्यात येऊन गेली आहे, आणि मला वाटते की पत्रातले सर्वांत जड वाक्य तेच आहे. त्यासाठी काही ठोस करावे. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा कबरस्तानात कुटुंबापुरती, छोटी स्मरण-उपासना ठेवावी. पाळकांना आधीच कळवून ठेवावे की त्या दिवशीची जी प्रार्थना आपल्याला ऐकू आली नाही, ती आपल्याला पूर्ण ऐकायची आहे. आई जे गीत सुरू करून द्यायची ते या वेळी आपण सुरू करून द्यावे. आवाज फाटला तर बाकीचे सांभाळून घेतील. मंडळी त्यासाठीच असते. लवकर येणे शक्य नसेल, तर हेच व्हिडिओ कॉलवर करावे. ज्या साधनाने दगा दिला तेच पुन्हा वापरायचे म्हणून मन कचरेल, पण या वेळी वेळ आपण ठरवाल आणि कनेक्शन तुटले तर प्रार्थना थांबवून पुन्हा सुरू करता येईल.

तिकडे आपल्याच रुग्णालयात चॅपलेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे धर्मसेवक, असतील. आपण रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याकडे कितीदा पाठवले असेल, आठवून पाहा. एकदा आपण स्वतः जावे. कोविडच्या काळात परिचारिकांनी काय सोसले हे त्यांनी त्याच मजल्यावर पाहिलेले असते, त्यामुळे त्यांना सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये ‘ग्रीफशेअर’ नावाचे, आठवड्यातून एकदा भरणारे शोकगट चालतात. तिथे अनोळखी लोकांत बोलणे सुरुवातीला अवघड जाईल, पण मराठी माणसाला आपल्या घरच्या दुःखाविषयी ओळखीच्यांपेक्षा अनोळखी लोकांशी बोलणे पुष्कळदा सोपे जाते, असा माझा तरी अनुभव आहे. आणखी एक गोष्ट आपण व्यवसायाने जाणताच, तरी लिहितो. 2022 सालापासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश झाला आहे, आणि प्रौढांसाठी एक वर्ष ही त्याची किमान मुदत धरली आहे. आपल्याला तो आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. मात्र झोप, भूक, कामातले लक्ष यांवर अजूनही परिणाम होत असेल, किंवा जगण्यातच रस नाही असे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटण्यात उशीर करू नये. प्रार्थना सुरू झाली म्हणजे उपचार नकोत, असा अर्थ कोणी काढून दिला तर तो मानू नये.

बाप्तिस्म्याविषयी थोडक्यात लिहितो. आपला बाप्तिस्मा बालपणी झाला असेल, आणि पुढे दृढीकरणात, म्हणजे मोठेपणी स्वतः उभे राहून, आपण तो विश्वास कबूल केला असेल. मधली काही वर्षे प्रार्थना बंद होती म्हणून ते सगळे रद्द होत नाही, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारखी आपल्याकडची मंडळी पुन्हा बाप्तिस्मा देतही नाही. ज्या मुलीने विचारले तिच्या परंपरेत वेगळे मानत असतील आणि तिचा हेतू चांगलाच असेल. तिला विनयाने नाही म्हणावे. हात वर केला त्याची लाज बाळगू नये. त्याला आपल्या दृढीकरणाची नव्याने दिलेली ग्वाही समजावे आणि ते कार्ड त्या संस्थेच्या यादीत राहू द्यावे.

मुलाच्या मदतीचा फॉर्म मात्र मी गंभीरपणे घेतो. अशा कार्यक्रमांत मध्यंतराच्या सुमारास, श्रोते भारावलेले असताना हे आवाहन करतात, आणि हे मला पूर्णपणे पटत नाही. दरमहाची बांधिलकी स्वीकारण्यापूर्वी माणसाला एक रात्र झोप मिळायला हवी. पण फॉर्म आता भरला आहे. आपल्या भावना ओसरल्या तरी दुसऱ्या टोकाला एक खरे मूल आहे आणि त्याला आपला फोटो पाठवला गेला असेल. त्या संस्थेचे वार्षिक हिशेब पाहावेत, ते तिथे सहज मिळतात. घरखर्चात ती रक्कम झेपते का हे पतीबरोबर बसून ठरवावे, आणि झेपत असेल तर चालू ठेवावी. झेपत नसेल तर संकोच न करता लगेच कळवावे, म्हणजे ते दुसरा प्रायोजक शोधू शकतील. आपला विश्वास आज किती डिग्री आहे यावर हा निर्णय अवलंबून ठेवू नये.

रविवारी मात्र कुठे तरी जायला सुरुवात करावी. तिथले संगीत साधारण असले, उपदेश कंटाळवाणा असला तरी चालेल. दोन रविवार आपण दिसला नाहीत तर चौथ्या बाकावरची कोणी बाई फोन करील, एवढी लहान मंडळी असावी. नॅशव्हिल ही या संगीतव्यवसायाची राजधानी असल्यामुळे आपल्या राज्यात मोठ्या पडद्यांची, उत्तम बँडची चर्च पुष्कळ सापडतील, आणि तिथे दर आठवड्याला ती रात्र पुन्हा अनुभवता येईल असा मोह होईल. व्यासपीठावरच्या माणसांवर आपल्या विश्वासाचे ओझे टाकू नये, ते त्यांना पेलत नाही. ‘हॉक नेल्सन’ या ख्रिस्ती बँडचे गायक जॉन स्टाइनगार्ड हे पाळकांच्या घरात वाढले होते. आपला आता देवावर विश्वास उरलेला नाही, असे त्यांनी 2020 साली जाहीरपणे लिहिले. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचा आदरच वाटतो. पण ज्यांचा विश्वास केवळ त्यांच्या आवाजाला धरून उभा होता त्यांचे त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार करावा.

पुढच्या वर्षी पुन्हा जावे का? जरूर जावे. ‘न्यूसाँग’ या बँडने 1995 साली हा दौरा सुरू केला; आगाऊ महाग तिकीट न ठेवता दारातच थोडे पैसे देऊन आत जाता यावे, ही त्यांची पद्धत मला चांगली वाटते, कारण त्यामुळे जी मुले एरवी अशा कार्यक्रमाला जाऊच शकत नाहीत ती तिथे दिसतात. फक्त या वेळी गेल्या वर्षीचे रडू पुन्हा येते का, याची वाट पाहत बसू नये. आले तर येऊ द्यावे, नाही आले तर गाणी ऐकावीत. पतीला बरोबर न्यावे. त्यांना दिव्यांची आणि ध्वनियंत्रणेची इतकी पारख आहे, तर त्यांचा वेळ मजेत जाईल. आणि कानांत घालायचे बोळे न विसरता न्यावेत. शंभर डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांहून अधिक काळ ऐकू नये असे अमेरिकेतल्याच आरोग्यसंस्थेचे मार्गदर्शन आहे, आणि तो पहिल्या तासातला डोकेदुखीचा भाग केवळ आध्यात्मिक नव्हता.